पाचवीच्या वर्गात गोरिलाची गोष्ट वाचताना – माझा अनुभव

आमच्याकडे नाशिकच्या शाळेत पाचवीला सेमी इंग्रजी आहे. दिवाळीनंतर मी मुलांसोबत कॅथरीन ॲपलगेटची 'द वन अँड ओन्ली आयव्हन' वाचायला घेतली, अजून कुणाला वर्गात घ्यायची असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. पुस्तक २०१२ चं, २०१३ ला न्यूबेरी मेडल हा बालसाहित्याचा अमेरिकन पुरस्कार मिळालेलं, पण मी निवडलं ते वेगळ्या कारणासाठी. गोष्ट मॉलमधल्या पिंजऱ्यात राहणारा आयव्हन नावाचा गोरिला स्वतः सांगतो आणि तो फार कमी बोलतो, वाक्यं छोटी, काही प्रकरणं तर अर्ध्या पानात संपतात, त्यामुळे ज्यांच्या घरी कुणीच इंग्रजी बोलत नाही अशी मुलंसुद्धा उभी राहून एक पान वाचून दाखवतात आणि खाली बसताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. अर्थावर बोलणं मात्र सगळं मराठीतच, तिथे मी इंग्रजीचा हट्ट धरला नाही.

आयव्हन खरा होता हे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. आफ्रिकेतून पिल्लू असताना पकडून आणलेला, आणि अमेरिकेत टकोमा गावात एका शॉपिंग सेंटरमध्ये २७ वर्षं पिंजऱ्यात एकटा. लोकांनी खूप आवाज उठवला तेव्हा कुठे १९९४ ला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात गेला, २०१२ ला वारला. मग मी विचारलं, आपल्या सिटी सेंटर मॉलमध्ये असा गोरिला ठेवायचा म्हटलं तर कुठे ठेवतील? एक जण लगेच, "मॅडम, फूड कोर्टजवळ, तिथे गर्दी असते!" सगळे हसले. मी काही बोलले नाही, कारण पुस्तकातला मॅक, म्हणजे मॉलचा मालक, तोही अगदी हाच विचार करतो आणि ते मुलांना पुढे आपोआप दिसणारच होतं.

सगळ्यात अवघड भाग स्टेलाचा. त्याच मॉलमधली म्हातारी हत्तीण, पायाची जखम चिघळते, डॉक्टरला बोलवायला उशीर होतो आणि ती जाते. त्या दिवशी संध्याकाळी एका आईचा फोन आला, पोरगी जेवत नाहीये हो मॅडम, इतकं दुःखाचं कशाला शिकवता? मी म्हटलं, ताई, तिला रडू द्या, आणि झोपताना पुढची दोन पानं तुम्हीच तिच्यासोबत वाचा. त्यांनी वाचली. माझं मत पक्कं आहे, हे प्रकरण गाळू नका आणि गोड करूनही सांगू नका, पण त्या तासाला प्रश्नोत्तरं अजिबात घेऊ नका, पुस्तक मिटायचं आणि मुलांना मैदानावर सोडायचं.

मॅकवरून वर्गात खरी जुंपली. रुबी या हत्तीच्या पिल्लाला खेळ शिकवायला तो अणकुचीदार काठी वापरतो म्हणून बहुतेकांनी त्याला दुष्ट ठरवलं होतं, तर एक मुलगी म्हणाली की पण त्यानेच आयव्हनला लहानपणी घरी पोरासारखं वाढवलं ना, मग? आणि तिथून विषय थेट कोल्हापूरकडच्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीवर गेला. २०२५ च्या जुलैमध्ये कोर्टाच्या आदेशावरून तिला मठातून जामनगरला वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात नेलं तेव्हा गाव रडलं होतं, ते व्हिडिओ सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेले. अर्धा वर्ग म्हणे तिचं घर नांदणीच, अर्धा म्हणे तिला दुसरा हत्ती हवा. मी निकाल दिला नाही, देणारही नाही, दहा वर्षांच्या मुलांना ही दोन्ही दुःखं एकदम दिसली हेच मला फार मोठं वाटतं.

माझा एक विद्यार्थी निफाडकडचा, त्याच्या काकांच्या मळ्यात वन खात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावला होता, आत शेळी. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे पिंजरा लागला की आजीला झोप लागते. वर्ग एकदम गप्प. मग उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं घालते, ऊसतोडीत बछडे सापडले की वन खातं ते त्याच जागी ठेवतं आणि आई रात्री घेऊन जाते, हे त्यानेच सगळ्यांना समजावलं. पकडलेले बिबटे जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात वर्षानुवर्षं राहतात हे मी सांगितलं. मला वाटतं पुस्तक नाशिकचं झालं ते त्या तासाला.

घरी विचारून या म्हटल्यावर सर्कसच्या गोष्टीही आल्या. आजी-आजोबांनी वाघ-सिंहांचे खेळ पाहिलेत, आईबाबांपैकी थोड्यांनी, मुलांपैकी कुणीच नाही, कारण १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद झाले. कायद्याने असं घरातल्या घरात काहीतरी बदलतं हे मुलांना नवीन होतं.

शेवटी आयव्हन जे चित्र रंगवतो ते मॉलच्या होर्डिंगवर लागतं. होर्डिंग काय असतं हे नाशिकच्या मुलांना सांगावं लागत नाही, चौकाचौकात वाढदिवसाची असतात. मी जुने चार्ट पेपर चिकटवून मुलांना त्यांच्या होर्डिंगसाठी मोठा कागद दिला आणि 'प्राणी वाचवा'सारखी घोषणा लिहायची नाही एवढीच अट घातली. आता सहल मुंबईच्या राणीबागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात आहे, आणि मुलांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारायचे प्रश्न आत्ताच काढून ठेवलेत: याच्यासोबत याच्या जातीचं कोण आहे, हा दिवसभर करतो काय, आणि माणसं नको वाटली तर लपायला याला जागा आहे का?