दोन डाव्या बाह्या

माझे हात लांब आहेत. तयार शर्ट खांद्याला बसला तर मनगट उघडं पडतं आणि मनगट झाकलं तर खांदा दंडावर ओघळतो. म्हणून वर्षानुवर्षं मी बाह्या दुमडूनच वावरलो. लोकांना वाटायचं, हा गडी कायम कामाला भिडायच्या तयारीत. मधे मिळकत निम्म्यावर आली, खर्चाच्या वहीत काटछाट सुरू झाली आणि कपड्यांच्या रकान्यावर मी सरळ फुली मारली. फुली मारून कापड विरायचं थांबत नाही. चार शर्टांपैकी दोन कोपरात गेले, एकाची कॉलर उलगडली. तेव्हा ताईला फोन केला. ती शिवते, चांगलं शिवते. म्हटलं, मलाही शिकव.

"शिवायला नंतर," ती म्हणाली. "आधी उसवायला शीक. तुझ्याकडे फाटलेला शर्ट आहे ना? तो उसव. कापू नकोस हं, उसव."

मला वाटलं, टाळतेय. पण पैसे लागणार नव्हते, म्हणून बसलो. टिपेतला दर चौथा टाका एका बाजूने तोडायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, की वीतभर शिलाई एका झटक्यात सुटते. हे कळायला मला अर्धी बाही लागली. तोवर एकेक टाका उपटत होतो. दोन संध्याकाळी गेल्या आणि टेबलावर शर्टाचे सुटे भाग पडले. तो शर्ट मी सहा वर्षं घातला होता, तरी त्याच्या पाठीवर खांद्याखाली कापड दुहेरी असतं हे मला तेव्हा कळलं. कॉलर एक नसते, कॉलर आणि ती ज्यावर उभी राहते तो पट्टा असे दोन वेगळे भाग असतात. आणि बाहीचा वरचा गोल दोन्हीकडे सारखा नसतो. पुढच्या बाजूला तो जास्त खोल कापलेला असतो, कारण हात पुढे जातो, मागे फारसा जात नाही.

हे तुकडे इस्त्री करून जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवले आणि कडेने रेघ मारली. झाला माझा कागदी साचा. निरनिराळ्या मापांचे तयार कागदी साचे एबेनेझर बटरिक यांनी 1863 मध्ये विकायला काढले. त्याआधी घरी शिवणारी माणसं बहुधा माझ्यासारखंच जुना कपडा समोर ठेवून बेतत असणार. रेघ मारताना एक काळजी घ्यावी लागते. शिलाईच्या आत दुमडलेलं कापडही उलगडून मोजायचं. मी एका बाजूला मोजलं आणि दुसऱ्या बाजूला विसरलो, त्यामुळे पहिल्या साच्यातला माणूस एका खांद्याने आखूड होता.

बाही वाढवायची होती ती मी मनगटाकडे वाढवणार होतो. ताईने अडवलं. बाही खाली निमुळती होत जाते, तिथे नुसती लांबवली तर कफ बसत नाही. साचा कोपराच्या जरा वर आडवा कापायचा, हवे तितके इंच फाकवायचे, मधे कागद चिकटवायचा आणि कडा पुन्हा सरळ जोडायच्या. मला साडेतीन सेंटिमीटर हवे होते. इतक्याशा कागदासाठी मी अर्धं आयुष्य बाह्या दुमडल्या!

मशीन जुनं घेतलं, एका ओळखीच्या घरी झाकून पडलेलं. फक्त सरळ टीप मारणारं, काळं, लोखंडी, दोघांनी उचलायचं. नवं हप्त्यावर घ्यायचा मोह झाला होता. हप्त्यांवर विकल्या गेलेल्या पहिल्या घरगुती यंत्रांमध्ये शिलाई मशीनच होतं, सिंगर कंपनीने 1850च्या दशकातच ती पद्धत लावली. म्हणजे या मोहात पडणारा मी काही पहिला नव्हे. पण मिळकत अर्धी असताना हप्ता नको, असं ठरलं. जुन्या मशीनमध्ये नक्षीटाके नाहीत, काज करायची सोय नाही. सरळ टीप मात्र ते अशी घालतं की बघत राहावं. घालतं म्हणजे, घालायला लागलं, तीन दिवसांनी.

त्या तीन दिवसांबद्दल जरा सांगतो, कारण इथेच बरेच जण मशीन परत झाकून ठेवत असावेत. टीप वरून बरी दिसायची आणि कापड उलटलं की खाली दोऱ्याचा गुंताच गुंता. गुंता खाली, म्हणजे दोष खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, असं मी धरून चाललो. बॉबिन पुन्हा भरली, तिची डबी काढली, स्क्रू पिळला, उलटा पिळला. ताई फोनवर म्हणाली, "खाली गुंता झाला की वर बघ." दोष खरंच वर होता. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो, त्या चकत्यांमुळे त्याला ताण मिळतो. कापड दाबणारा मशीनचा पाय उचललेला असला की चकत्या सैल होतात, खाली असला की घट्ट मिटतात. मी पाय खाली ठेवूनच दोरा ओवत होतो, त्यामुळे दोरा चकत्यांच्या आत शिरतच नव्हता, वरून घसरत होता. ताण नाही म्हटल्यावर मशीनने तो पोतंभर खाली ओढला, दुसरं काय करणार? पाय उचलला, दोरा ओवला, पाय खाली घेतला, टीप सरळ. तीन दिवसांच्या दुखण्याला औषध म्हणजे एक दांडी वर करणं.

सुईचंही तसंच. मशीनच्या सुईला भोक टोकाकडे असतं. एलियास हौ यांच्या 1846च्या पेटंटमधली सुई अशीच टोकाशी भोक असलेली होती, आणि वरचा-खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकवण्याची युक्तीही त्याच यंत्रात होती. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि ती चपटी बाजू कुठे यायची हे मशीनवर ठरतं. माझ्या मशीनमध्ये दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात, म्हणून चपटी बाजू डावीकडे. मी उलटी बसवली आणि दर दोन टाक्यांनंतर एक टाका गायब. सुईवरचा 90 हा आकडा म्हणजे तिची जाडी, मिलिमीटरचे नव्वद शतांश. शर्टाच्या पातळ सुती कापडाला 75 किंवा 80 पुरते, जाड पँटला 100 लागते. बोथट सुईने कापडाला टकटक आवाज येतो. तो आवाज आला की सुई बदलायची, उगाच पैसे वाचवायला जायचं नाही. शिवणकामातली ती सर्वांत स्वस्त वस्तू आहे. तेल मात्र मशीनचंच घालायचं. डोक्याचं किंवा स्वयंपाकाचं तेल आत जाऊन चिकट होतं आणि मशीन जाम. (हे मी केलं नाही. मशीनच्या आधीच्या मालकाने केलं होतं, खरवडलं मी.)

पहिला शर्ट जुन्या चादरीचा. तो घालून बाहेर जायचं नव्हतंच, अंगावर चढवून खडूने खुणा करायच्या होत्या. छातीचं माप जितकं तितकंच कापड घेतलं तर श्वास घेता येत नाही, हे चादरीने शिकवलं. शर्टाला घेरात निदान 10-12 सेंटिमीटर ढिलाई लागते. मी पाच ठेवली होती. हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज आला. चादर होती म्हणून हसलो.

मग खरं कापड. कटपिसांच्या ढिगातून काढलेलं, बारीक पानांची छपाई असलेलं, 44 इंच पन्ह्याचं, सव्वादोन मीटर. घरी आणून आधी भिजवलं, धुतलं, वाळवलं. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं, आणि मी तर साडेतीन सेंटिमीटरसाठी एवढा खटाटोप मांडला होता. बेततानाही घाई केली नाही. किनारीला समांतर जातो तो उभा धागा, साच्यावरची उभी रेघ त्यावर तंतोतंत यायला हवी. तिरकं बेतलेलं कापड शिवताना कळत नाही, चार धुण्यांनी पिळवटतं आणि बटणांची पट्टी पोटावर वळसा घालते. हे सगळं मी केलं, दोनदा मोजलं, टाचण्या लावल्या, कापलं.

आणि दोन डाव्या बाह्या कापल्या.

कापड वाचवायचं म्हणून मी ते दुहेरी न घडी घालता एकेरीच पसरलं होतं, तुकडे एकमेकांत चपखल बसवायला. एकेरी कापडावर दुसरी बाही बेतताना साचा पालथा घालायचा असतो. मी घातला नाही. दोन्हीकडून सारखं कापड असतं तर एक बाही उलटून लावली असती, पण छपाई एकाच बाजूला. उरलेल्या कापडात पूर्ण बाही बसेना. कागद फिरवून, तिरका करून, सगळं करून पाहिलं. रात्री ताईला फोन केला नाही. लाज वाटली.

सकाळी डोकं शांत होतं तेव्हा दिसलं, की साचा मी आधीच एकदा कोपरावर कापला होता. मग कापडही तिथेच का कापू नये? उरलेल्या दोन तुकड्यांतून कोपरावर जोड देऊन उजवी बाही निघाली. एका बाहीला जोड आणि एका बाहीला नाही, हे चूक म्हणून दिसलं असतं. म्हणून निर्दोष डाव्या बाहीलाही त्याच उंचीवर कापलं आणि पुन्हा जोडलं. धडधाकट कापडाला कात्री लावताना हात थरथरला, पण आता तो जोड म्हणजे हौस दिसते. फालतू ठरलेल्या डाव्या बाहीतून खिसा निघाला आणि कॉलरच्या पट्ट्याचं आतलं कापड.

शिवणं त्यामानाने सरळ गेलं. माझ्याकडे कडा बंद करणारं इंटरलॉक मशीन नाही आणि लागलंही नाही. कापड उलट बाजूने एकमेकांना लावून आधी एक बारीक टीप, कडा छाटायच्या, कापड पालटायचं आणि आतून दुसरी टीप. पहिली शिलाई दुसरीच्या पोटात बंद होते, धागे सुटायला जागाच राहत नाही. याला फ्रेंच शिलाई म्हणतात. दोरा दुप्पट लागतो, पण दोरा स्वस्त आहे. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. हा कंटाळा मी पहिल्यांदा केला आणि कॉलर पापडासारखी वाकली. गोल कडांना शिवणीपर्यंत बारीक चिरा दिल्या, मग पालटून इस्त्री केली, तेव्हा कुठे ती बसली.

काजं हाताने केली. समोर सहा, गळ्याशी एक, कफांना दोन. पहिल्या काजाला पाऊण तास लागला आणि ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. म्हणून ते सगळ्यांत खाली, पँटमध्ये खोचलं जाईल तिथे. सुरुवात नेहमी खालच्या काजापासून करावी. बटणं त्या उसवलेल्या शर्टाचीच.

आता हिशोब. वही समोर आहे. फक्त पहिला शर्ट धरला तर तो मला तयार शर्टापेक्षा महाग पडला, कारण त्यात मशीन आहे, कात्री आहे. चौथ्या शर्टाला मशीन फिटलं. पण अगदी स्वस्त तयार शर्टाशी घरचा शर्ट किमतीत कधीच जिंकत नाही, निव्वळ कापडच तेवढ्याला पडतं. फरक चांगल्या कापडात आहे. ज्या कापडाचा तयार शर्ट मी हातात घेऊन परत ठेवला असता, त्याचा शर्ट मला निम्म्याहून कमी पैशात पडतो. वेळ मी वहीत धरलेला नाही. धरला असता तर वही बंदच करावी लागली असती. बनियन, मोजे, टीशर्ट अजून विकतच आणतो. ताणणाऱ्या विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई आणि ताणणारे टाके हवेत, माझ्या मशीनचं ते काम नाही.

मागच्या महिन्यात ताई आली. शर्ट अंगावर कसा दिसतो हे तिने पाहिलंच नाही. "काढ," म्हणाली, आणि उलटा करून खिडकीशी नेला. सगळ्या शिलाया बोटाने चाचपल्या. कोपराच्या जोडापाशी थांबली.

"हे काय?"

"डिझाइन," मी म्हटलं.

"दोन डाव्या कापल्यास ना?" तिने शर्ट परत सुलटा केला. "मी तीन वेळा कापल्यात."

सध्या टेबलावर पँट पडली आहे. आसनाची गोलाई बरी जमली, चेन जमत नाही. दोनदा बसवली, दोनदा उसवली. दर चौथा टाका एका बाजूने तोडायचा, दुसऱ्या बाजूने ओढायचं. त्यात मात्र आता हात बसलाय. तिसऱ्यांदा टाचण्या लावून ठेवल्यात.