तुम्ही विचारलंत म्हणून: फँटसीत काहीही चालतं का?

"तुमचं बरं आहे, फँटसीत काय, काहीही चालतं ना?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, लोकलमध्ये विचारलं गेलंय, वाचनालयात पुस्तक बदलताना तर किती वेळा. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं. म्हणून आज एकदाच नीट सांगतो.

नाही चालत.

चिऊकाऊची गोष्ट आठवा. चिमणी बोलते, दार लावून घेते, बाळाला तीट लावते, आणि तीन वर्षांच्या मुलालाही त्यात काही खटकत नाही. पण पाऊस आला की शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं राहतं. उलटं सांगून बघा, पोर तिथेच अडवेल. हिरण्यकशिपूचा वर त्याहून काटेकोर. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. तो वर देवालाही मोडता येत नाही, तिन्हीसांजेची वेळ आणि उंबरठा गाठावा लागतो. (पुराणाला मी फँटसी म्हणत नाही. ते श्रद्धेनं ऐकलं जातं. फँटसीच्या वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं की हे घडलेलं नाही, घडणारही नाही. विज्ञानकथेला निदान 'उद्या घडेल' असं म्हणता येतं.)

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानाचा पुढे निबंध झाला. त्यात ते म्हणतात, 'हिरवा सूर्य' असं कुणीही म्हणू शकतं; पण ज्या जगात तो हिरवा सूर्य खरा वाटेल ते जग उभं करायला मेहनत आणि विचार लागतो. आणि वाचकाच्या मनात अविश्वास जागा झाला की सगळं फसलं.

तो जागा होताना मी समोर बसून पाहिलाय.

दादा गेला त्या वर्षी मी एक कादंबरी लिहीत होतो. मिठागरांचं गाव, खेकड्यांशी बोलणारा तरीवाला. गावाचा नियम एकच: खाडीपलीकडे गेलेल्याला परत बोलवायचं असेल, तर बोलावणाऱ्यानं आपलं नाव कायमचं द्यायचं. मग त्याला कुणीच हाक मारू शकत नाही. कादंबरीतली मुलगी तरीवाल्या बापाला बोलवायला निघते. शेवटच्या प्रकरणापर्यंत आलो आणि तिचं नाव घ्यायला हात धजेना. मी तिला वाळूत एक शंख सापडवून दिला. ती तो फुंकते, बाप परत येतो, नावही राहतं.

पहिली वाचक माझी पुतणी, दादाची मुलगी. वय अकरा. स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून तिनं दोन दिवसांत सगळं वाचलं. शेवटचं पान झालं तरी कागद खाली ठेवेना.

"काका, हा शंख आधीपासून तिथे होता?"

"हो."

"मग इतके दिवस का नाही सापडला?"

मी काहीतरी बोललो, भरती-ओहोटीचं. तिनं ऐकून घेतलं. मग कागदांच्या कडा जमिनीवर ठोकून सारख्या केल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "हे खोटं आहे." दीडशे पानं खेकडे बोलत होते, ते तिला खोटं वाटलं नव्हतं.

तिच्यासाठी लिहिलं असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. ते खरं नाही. माझ्यासाठी लिहिलं होतं.

विशीत मी एका दिवाळी अंकात ठासून लिहिलं होतं की कल्पनेला कुंपण नसतं. त्या मुलाला आज धरून त्या फरशीवर बसवावंसं वाटतं. पण तो गप्प बसणारा नव्हे. तो त्याच निबंधाचं पुढचं पान उघडेल, कारण टोल्किन तिथेच म्हणतात की अचानक मिळालेला आनंदाचा कलाटणीबिंदू हाच अशा कथेचा सर्वोच्च क्षण. तो कृपेसारखा येतो, पुन्हा येईल असं धरून चालायचं नसतं. मग माझा शंख कृपा का नाही? आधी पेरला नव्हता म्हणून? कृपा पेरून ठेवली तर ती कृपा कसली? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिनं मान हलवली असती तर मी हा प्रश्न स्वतःला विचारला असता का, तेही माहीत नाही.

नंतर दुसरा शेवट लिहिला. त्यात मुलगी नाव देते, बाप होडीतून उतरतो आणि समोरच्या पोरीला काय म्हणून हाक मारायची ते त्याला कळत नाही. तो जास्त चांगला आहे, हे मला कळतं. पुतणी आता कॉलेजात आहे. तिनं तो अजून मागितलेला नाही, मीही दिलेला नाही. दोन्ही शेवट एकाच फाइलमध्ये आहेत, शंखाचा वर.