गोणपाटातलं राज्यशस्त्र

रविवार, रात्री साडेदहा

वसईचा कार्यक्रम यंदा होत नाही, हे आज सगळ्यांना सांगून टाकलं. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या मोहिमेचा शेवट मे महिन्यात उभा करायचा म्हणून दिवाळीपासून तालीम चालली होती. पोरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फरी-गदगा, म्हणजे ढाल आणि सरावाची काठी, उचलून मैदानात पळाली. तोंड पाडून बसले ते आम्ही मोठे.

गंमत म्हणजे नकार कुणीच दिलेला नाही. एका कार्यालयात म्हणाले, आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी जागेची परवानगी दाखवा. साहेब चांगले होते, चहा पाजला. "ताई, नाटक असेल तर नाटकाचा अर्ज करा, मिरवणूक असेल तर मिरवणुकीचा. हे नक्की आहे काय तुमचं?" त्यांचाही दोष नाही. हौस म्हणून जुनी लढाई पुन्हा उभी करणारी माणसं कुठल्याच छापील अर्जात बसत नाहीत.

जेवणं आटोपल्यावर कायदा घेऊन बसले. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम ३७. मुंबईत या कलमाखालचे मनाई आदेश निघतच असतात, एकाची मुदत संपते न संपते तोवर दुसरा. सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, सगळं बाळगायला बंदी घालता येते. पुढे दगड गोळा करणंही आहे. त्याच कलमात हावभाव आणि नकला यांचाही उल्लेख आहे, म्हणजे सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणतील अशा. आता पोर्तुगीज किल्लेदाराची नक्कल कशात मोडते, हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

शस्त्र कायदा, १९५९ त्याहून मजेशीर. त्यात शस्त्राची व्याख्या करताना साधी लाठी चक्क वगळली आहे, कारण ती घरगुती आणि शेतीच्या वापराची. म्हणजे एका कायद्यात माझी लाठी निरुपद्रवी, दुसऱ्यात तलवारीच्या पंगतीला. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार हत्यारांची यादी आहे, आणि मोजमाप आहे नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीपेक्षा मोठं पातं. नऊ इंचांवर तर आमचा दांडपट्टा, म्हणजे लांब पात्याची तलवार, धड सुरूही होत नाही. आमच्या पात्यांना धार नाही, टोकं गोल घासलेली आहेत. पण धार नसलेलं पातं शस्त्र की खेळणं, हे शेवटी समोरचा अधिकारी ठरवतो.

आणि हाच दांडपट्टा २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला! तेव्हा वस्तादांनी पेढे वाटले होते. आज हे राज्यशस्त्र गोणपाटात गुंडाळून, वर जुनी सतरंजी बांधून, परळहून लोकलने न्यावं लागतं. लेडीज डब्यात कुणी विचारलं तर मी पडद्याचा रॉड म्हणून सांगते. मेट्रोच्या वाटेला जातच नाही, तपासणीच्या यंत्रात हा रॉड काय दिसेल ते मला ठाऊक आहे.

बंदीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. तलवार हातात आली की काही माणसांना मिरवणुकीत काय होतं ते मी पाहिलं आहे. डीजेवर नाचत, फेटा बांधून, खरी धारेची तलवार डोक्यावर फिरवायची, आणि शेजारी बापाच्या खांद्यावर लहान मूल. आमच्याकडे आधी काही महिने नुसती पावलं शिकवतात. पूर्वीच्यांनाही ही अक्कल होती. बोथाटीच्या, म्हणजे सरावाच्या भाल्याच्या, टोकाला कापडाचा गोळा असतो आणि फरी-गदग्यातला गदगा चामडं मढवलेला लाकडी, तो सरावात कुणी मरू नये म्हणूनच. हा फरक आदेशाच्या कागदावर दिसत नाही, एवढंच माझं गाऱ्हाणं.

इंग्लंडमध्ये २००८ साली पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी आली. 'सामुराई तलवारींची बंदी' म्हणून ती ओळखली जाते. पण त्याच आदेशात ऐतिहासिक प्रसंग पुन्हा सादर करणाऱ्यांना सूट आहे आणि असं सादरीकरण म्हणजे काय याची व्याख्याही. अट अशी की तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाईचा विमा हवा. तिकडे सतराव्या शतकातल्या यादवीच्या लढाया उभ्या करणारी मंडळी १९६८ पासून संघटित आहेत, म्हणून सरकारला ती दिसतात. विम्याचा हप्ता आम्हीही भरला असता हो, वर्गणी काढून. आपल्याकडे सिनेमाच्या चित्रीकरणासाठी एक खिडकी आहे. आम्हाला खिडकी नको, रकाना द्या.

अमेरिकेतल्या नियमाने मात्र माझी झोप उडवली आहे. तिथे १९६१ साली त्यांच्या यादवी युद्धातल्या मनासासच्या लढाईची शताब्दी होती. खुद्द त्या रणभूमीवर मोठी लुटुपुटूची लढाई झाली, हजारो लोक बघायला आले, आणि जत्रेसारख्या त्या प्रकारावर टीकाही झाली. आज त्यांच्या राष्ट्रीय उद्यानांत, म्हणजे जतन केलेल्या रणभूमींवरही, समोरासमोर गोळीबार, मेल्याचं सोंग, हातघाई, सगळ्याला मनाई आहे. कवायत करा, बंदूक कशी भरायची ते दाखवा, पण जिथे माणसं खरंच मेली तिथे खोटं मरू नका. शेजारच्या खासगी शेतात मात्र खुशाल लढा.

हे वाचल्यापासून वसईचा बुरूज डोळ्यांपुढून हलत नाही. सान सेबास्तियनच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले होते. खिंडार पडलं, त्यात माणसं घुसली आणि ढिगाऱ्यावर मेली, दोन्हीकडची. त्याच जागी आमचा एक जण टोमॅटो केचपची पिशवी छातीशी बांधून कोसळणार होता. तालमीत सगळे हसलो होतो. संरक्षित स्मारकात बंदूक उडवायला आणि लेखी परवानगीशिवाय कार्यक्रम करायला १९५९ च्या नियमांनीच मनाई आहे. पुरातत्त्वाच्या नियमांवर मी नेहमी तणतणते, पण त्या ढिगाऱ्यापुरती मी त्यांच्या बाजूची आहे.

नुकसान कशाचं होतंय ते वेगळंच. मैदानात खेळता येत नाही, किल्ल्यावर जाता येत नाही, मग पोरी जातात कुठे? लग्नाच्या हॉलमध्ये. हल्ली नवरीच्या एंट्रीला चार नऊवारीतल्या मुली पट्टा फिरवतात, धुराचं यंत्र लावतात, तीन मिनिटांत संपतं. पैसे बरे मिळतात, मुलींना मी नावं ठेवत नाही. बंद हॉलमध्ये कलम ३७ कुणी काढत नाही. पण तिथे पट्टा नुसता गोल फिरतो. समोर वार घेणारं कुणी नसतं, त्यामुळे पाऊल कधी मागे घ्यायचं हे हळूहळू विसरायला होतं. वस्ताद याला पंखा म्हणतात.

आज सगळे गेल्यावर वस्तादांपुढे एक कल्पना मांडली. मे १७३९ च्या तहात पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडायची मुभा मिळाली होती. शस्त्रांसह, निशाणं फडकवत, ताशे वाजवत, बायकामुलांना घेऊन ते किल्ल्याबाहेर पडले. तेवढंच करायचं. लढाई नाही, रक्त नाही, घोडा नाही, शस्त्रं पुठ्ठ्याची आणि जागा आमचं मैदान. अर्जावर सरळ 'नाटक' लिहायचं.

वस्ताद बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "लढाई नसली तर बघायला येणार कोण, बाय? आणि मराठ्यांनी काय करायचं, नुसतं उभं राहायचं?"

"हो, उभं राहायचं. जाऊ द्यायचं त्यांना."

"ते अवघड असतं," ते म्हणाले, आणि सराव बुधवारी घ्यायला कबूल झाले.

आता ग्रुपवर विचारलंय, कोण कोण येणार. मराठे व्हायला एकवीस जण तयार आहेत. पोर्तुगीज फक्त दोन, त्यातला एक मीच, आणि दुसऱ्याची अट आहे की त्याला टोपी हवी.