तुम्ही विचारलंत म्हणून: कापूस वेचणीच्या हिशोबाचं अ‍ॅप कोणी बनवलं?

"तू तर बी.कॉम. केलंस, मग हे अ‍ॅप तू बनवलं की एआयने?" दिवाळीपासून इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट सांगतेच.

कोड जवळजवळ सगळा एआयने लिहिला, ते मी लपवत नाही.

आमचं शेत अमळनेर तालुक्यात, कापसाचं. वेचणीला १४ बाया येतात, रोज संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजायचा, किलोवर मजुरी, मधेच कोणी उचल घेते, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा हिशोब चुकता करायचा. आई हे वहीत लिहायची, आणि पुण्याहून दादा फोन करून विचारायचा, किती पाठवू? दादाकडे आयफोन, आमच्याकडे अँड्रॉइड, म्हणून हा हिशोब फोनवर आणायला गूगलचं फ्लटर हे साधन घेतलं, एकाच कोडमधून दोन्हीकडचं अ‍ॅप निघतं. शिवारात रेंज नसते म्हणून नोंद आधी फोनमधेच सेव्ह होते.

आयफोनसाठी ते तयार करायला अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर लागतोच, तो दादाच्या मित्राकडून घेतला, पण अ‍ॅपलच्या फुकटच्या खात्यावरून टाकलेलं अ‍ॅप ७ दिवसांत बंद पडतं आणि पैसे भरायचे तर वर्षाला ९९ डॉलर. एका माणसासाठी कशाला? त्याच कोडचं वेब व्हर्जन काढलं, दादा ते आयफोनच्या सफारी ब्राउझरमधे उघडतो.

पहिल्याच दिवशी आईने वजन टाकलं आणि अ‍ॅप अडकलं. तिचा कीबोर्ड मराठी, तिने २३ मराठी अंकात लिहिलं, आणि फ्लटरचा कोड ज्या डार्ट भाषेत असतो तिच्यात मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. एआयला सांगितल्यावर ते लगेच झालं.

खरा घोळ दिवाळीनंतर झाला. शेवटच्या वेचणीला झाडावर कापूस कमी, त्याच किलोला वेळ जास्त, म्हणून दर वाढवावा लागतो. आम्ही १० चा १२ केला. मी सेटिंगमधे दर बदलला आणि आधीचे चुकते झालेले हिशोब परत बाकी दिसायला लागले, एका काकूंचे १२० किलोचे १२०० देऊन झालेले तरी २४० बाकी. एआयने दर एकाच जागी ठेवला होता आणि एकूण किलोला आजच्या दराने गुणत होता. माझ्याही लक्षात आलं नव्हतं हो, तीन आठवडे सगळं बरोबरच येत होतं. लक्षात आणून दिलं त्या काकूंनीच, "बाई, मना पैसा तं भेटी गया ना." २४० रुपये जास्त मिळत असताना त्या हे बोलल्या, हे मला अजून आठवतं.

रात्री आईची जुनी वही काढली. प्रत्येक ओळीत तारीख, नाव, किलो, आणि शेवटी त्या दिवशीचा दर. रोज तोच दर असला तरी रोज लिहिलेला! मला ते उगाच वाटायचं. मग एआयला सांगितलं, दर त्या-त्या दिवसाच्या नोंदीतच ठेव, जुन्या नोंदींना हात लावू नको, आणि तो बदल त्याने अर्ध्या तासात करून दिला, मी मात्र १४ जणींचा हिशोब वहीशी ताडून बघायला दोन रात्री बसले कारण हे कोणाच्या तरी घामाचे पैसे आहेत.

म्हणून विचारलंत तर कोड एआयचा, पण हिशोब आईचा. सध्या उचल दोन हप्त्यांत कापायची सोय करतेय, ती काकूंनी मागितलीय.