खुर्ची आधी उलटी करा

“आमच्या घरातली ही जुनी खुर्ची किती वर्षांची आणि कुठली, हे कसे ओळखायचे?” जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत पस्तीस वर्षे गेल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा तयारच असते: खुर्ची पेशवेकालीन आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. तोवर वाड्यांतली बसण्याची रीत गाद्या, लोड आणि तक्क्यांची होती. खुर्ची साहेबाबरोबर आली आणि पेठांतल्या सामान्य घरांत रुळायला तिला पुढे बराच काळ लागला. त्यामुळे पुण्यातली खुर्ची घराण्यातल्या आख्यायिकेपेक्षा पन्नास-साठ वर्षांनी तरी लहान निघते, असा माझा अनुभव आहे.

माझे पहिले सांगणे एवढेच असते की खुर्ची उलटी करा. वरच्या बाजूला प्रत्येक पिढीने पॉलिश मारलेले असते, वेत बदललेला असतो, कोणी हौसेने रेक्झिनही ठोकलेले असते. बैठकीखाली मात्र कोणी हात लावत नाही. तिथे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर ते १९३०च्या दशकाच्या आधीचे असू शकत नाहीत. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदलला गेला असेल, हे खरे. पण सगळेच स्क्रू तसले असतील आणि शेजारी जुने बुजवलेले भोक एकही नसेल, तर ‘पणजोबांची खुर्ची’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. वेताच्या विणीवरून वय ठरवू नये, कारण ती पुन्हा पुन्हा बदलली जाते. वीण कशी बसवली आहे, हे मात्र पाहावे: चौकटीला ओळीने भोके पाडून वेत हाताने ओवला आहे, की तयार जाळीचा तुकडा खाचेत दाबून वर पट्टी ठोकली आहे.

कातीव पायांसाठी एक सोपी परीक्षा आहे. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही, म्हणून कातताना अगदी गोल असलेला पाय काही दशकांनी किंचित लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांनी व्यास मोजला की फरक दिसतो. झीजही योग्य जागीच असायला हवी, म्हणजे हातांच्या टोकांना आणि पाय टेकायच्या पुढच्या आडव्या दांडीवर. सगळीकडे सारखीच झिजलेली खुर्ची बसून नव्हे, पॉलिशपेपरने झिजलेली असते.

लांब हातांच्या सागवानी आरामखुर्चीपुढे मी स्वतः हात टेकतो. आपल्या सुतारांनी तोच नमुना पिढ्यान्‌पिढ्या इतक्या निष्ठेने केला आहे, की ‘स्वातंत्र्यापूर्वीची असावी’ यापलीकडे मी सहसा जात नाही.

याउलट इराणी हॉटेलांत दिसते ती गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पुष्कळ बोलते. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ मध्ये आणला, क्रमांक १४. लाकूड बीचचे, वाफेवर मऊ करून वाकवलेले. भाग अवघे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती बोटीने जगभर गेली. परंतु त्या तंत्रावरचा थोनेट यांचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला आणि इतर कारखानेही तशाच खुर्च्या करू लागले. म्हणजे नुसत्या आकारावरून कारखाना कळत नाही आणि सालही कळत नाही. त्यासाठी बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी शोधावी लागते. सुरुवातीच्या दिवसांत अशी एक चिठ्ठी मी मळ समजून घासून काढली होती. ती खुर्ची कुठली होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतला एक वाडा पाडायच्या आधी तिथल्या आजींनी अशीच एक खुर्ची माझ्याकडे पाठवली. त्यांच्या आजेसासऱ्यांना ती एका सरदारांनी दिली, अशी घरातली समजूत होती. कड्याच्या आत अर्धी फाटलेली चिठ्ठी निघाली आणि तिच्यावर चेकोस्लोव्हाकियाचे नाव होते. तो देश १९१८ मध्ये जन्माला आला, त्यामुळे खुर्ची त्याआधीची असणे शक्य नव्हते. पाठीचे स्क्रू सोडवले, तेव्हा वायसरखाली आणि भोकांत पिठासारखा बारीक, घट्ट बसलेला गाळ सापडला. नारायण पेठेत असा गाळ म्हटला की १२ जुलै १९६१ खेरीज दुसरी तारीख सुचत नाही. खुर्ची दोन महायुद्धांच्या दरम्यानची असावी आणि पानशेतच्या पुराच्या वेळी ती याच घरात असावी, असे मी आजींना फोनवर सांगितले. सरदारांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “गाळ सगळा मी आणि सासूबाईंनी धुतला होता हो, हा कसा राहिला?”