जी४ला उत्तर देताना चुकलेली पाचवी चाल

गेल्या रविवारी फोंड्यातील एका सभागृहात झालेल्या जलद बुद्धिबळ स्पर्धेत चौथ्या फेरीला माझ्यासमोर नववीत शिकणारी एक मुलगी बसली होती. पांढरी मोहरी तिच्याकडे होती. घड्याळ सुरू होताच तिने राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे उचलले आणि दोन घरे पुढे नेऊन ठेवले. जी४. (पटावरच्या उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशी नावे असतात; जी४ हे त्यातलेच एक घर.) पांढऱ्याला पहिल्या चालीला एकूण २० पर्याय असतात आणि संगणकाला त्यांची क्रमवारी लावायला सांगितली, तर ही चाल बहुधा तळाशीच सापडते. एफचे आणि जीचे प्यादे अविचाराने पुढे ढकलले की दुसऱ्याच चालीला काळ्याचा वजीर एच४वर येऊन मात करतो, हे तर पट शिकणाऱ्या पोरालाही पहिल्या आठवड्यात दाखवले जाते. मला हसू आले, आणि ते मी पुरेसे लपवले नसावे.

ही सुरुवात स्वित्झर्लंडच्या हेन्री ग्रोब (१९०४–१९७४) यांच्या नावाने ओळखली जाते. ग्रोब हे उत्तम खेळाडू होते, शिवाय चित्रकारही होते, आणि ही चाल ते गमतीखातर नव्हे, तर पूर्ण निष्ठेने खेळत. तिच्यामागची कल्पना अशी की, काळ्याने डी५ खेळून जी४च्या प्याद्यावर उंट रोखला की पांढऱ्याने ते प्यादे खुशाल देऊन टाकायचे, आपला उंट जी२वर बसवायचा आणि मग सी४ खेळून त्या लांब कर्णावर, म्हणजे डी५ आणि बी७ या घरांवर, सगळा जोर लावायचा. काळ्याचा पांढऱ्या घरांतला उंट प्यादे खायला बाहेर पडलेला असल्याने बी७वर राखण उरत नाही.

हे मला वाचून ठाऊक होते. तरीही मी डी५ खेळलो आणि तिने दुसऱ्या चालीला उंट जी२वर आणताच उंटाने जी४चे प्यादे घेतले, कारण फुकटचे प्यादे सोडायला मन तयार होईना. तिसऱ्या चालीला तिने सी४ केले, मी सी६ने डी५ला आधार दिला, तिने डी५वर मारले, मी सीच्या प्याद्याने परत मारले, आणि पाचव्या चालीला तिचा वजीर बी३वर आला. डी५ आणि बी७ अशी दोन प्यादी एकदम धोक्यात आली. इथे मला एक सापळा दिसला आणि त्या सापळ्याच्या मोहातच मी डाव गमावला. मी वजीर सी७वर आणला. आता तिने हावरटपणे वजिराने डी५ घेतले असते, तर माझा वजीर सी१वरचा उंट घेऊन तिथल्या तिथे मात करणार होता, कारण ए१च्या हत्तीची वाट बी१च्या घोड्याने अडवलेली होती. तिने अर्धा मिनिट विचार केला आणि तो घोडा सी३वर काढला. मी सवयीने, डी५ला बळकटी म्हणून, ई६ केले. तिचा वजीर ए४वर गेला. शह! त्याच चालीने चौथ्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जी४च्या उंटावरही हल्ला झाला होता. पुढच्या चालीला उंट गेला. नंतर वजिरांची अदलाबदल होऊन डाव आणखी तीस-एक चाली रेंगाळला, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पाचव्या फेरीनंतर पाऊस थांबेना म्हणून आम्ही चौघे रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा आणि भाजी-पाव मागवून बसलो. मी, ती मुलगी, तिच्याच वर्गातला एक मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात. माझ्या पिशवीतल्या गुंडाळायच्या पटातला काळा उंट मागेच हरवला आहे आणि त्याच्या जागी मी एक काजूची बी ठेवतो. नेमकी तीच बी जी४वर ठेवायची पाळी आली. फोन डाव संपेपर्यंत खिशाबाहेर काढायचा नाही, असा काकांचा नियम.

सर्वांत आधी मी ई६ला दोष दिला, कारण ती चाल केली नसती, तर ए४च्या शहाला उंट डी७वर परतून अडवता आला असता आणि वजिरावरच उलट हल्ला झाला असता. ई६वर प्यादे ठेवून मी माझ्याच उंटाची परतीची वाट बंद केली होती. मुलाने सुचवले की ई६ऐवजी डीचे प्यादे डी४वर ढकलून घोड्यालाच हुसकावून लावावे. यावर त्या मुलीने काही न बोलता घोडा डी५वर ठेवला. काळ्याचा वजीर बी७ राखायला डी७वर गेला, तेव्हा तिने स्वतःच्या वजिराने बी७चे प्यादे घेतले. मुलगा म्हणाला, ‘‘अगं, वजीर जातो तुझा!’’ तिने त्यालाच तो वजीर घ्यायला लावला आणि घोडा एफ६वर नेऊन शह दिला. घोडा डी५वरून हलताच जी२च्या उंटाचा कर्ण बी७पर्यंत मोकळा झाला होता. शहाला उत्तर द्यावेच लागते, तोवर उंट बी७वरचा वजीर घेतो आणि कोपऱ्यातला हत्तीही सुटत नाही. काका खुर्चीतून थोडे पुढे सरकले. ‘‘बाय, हे तू पटावर पाहिले होतेस की आत्ता?’’ ‘‘पटावर फक्त घोडा डी५ पाहिला होता, काका. बाकीचे आत्ता.’’

अर्धा तास आम्ही सहाव्या चालीला पर्याय शोधत राहिलो, पण समाधानकारक एकही मिळाला नाही, आणि तेव्हा दोष एक चाल मागे, माझ्या त्या चतुर वजिरावर सरकला. काकांनी पाचव्या चालीला घोडा एफ६वर काढून दाखवला. चाल अगदी साधी, पण डी५ राखते आणि जी४च्या उंटालाही आधार देते, त्यामुळे ए४चा शह पुढे कधीही आला, तरी त्यात दात उरत नाहीत. पांढऱ्याने बी७ घेतलेच, तर दुसरा घोडा डी७वर, मग हत्ती बी८वर. प्यादी सारखीच, पण काळ्याची मोहरी बाहेर आणि पांढऱ्याचा वजीर एकटाच शत्रूच्या अंगणात भटकणारा. मुलीने मान्य केले की तिलाही हीच चाल नको होती.

मी म्हणालो की, जी४ ही चाल वाईट आहे ती आहेच. काकांना ते पटले नाही. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने विश्वविजेत्या कार्पोव्हला ई४ या पहिल्या चालीवर ए६ असे विचित्र उत्तर देऊन हरवले होते, त्या डावाचा त्यांनी दाखला दिला. मला तो दाखला अपुरा वाटतो. ए६ने काळ्याच्या राजाला धोका होत नाही, जी४ने पांढऱ्याच्या राजाचा आडोसा कायमचा जातो, त्यामुळे या दोन विक्षिप्तपणांची जात एक नव्हे. पण कार्पोव्हही त्या दिवशी माझ्यासारखाच हसला असेल का, हा विचार मात्र डोक्यातून जाईना.

शेवटी फोन काढला. संगणकाने जी४नंतर काळ्याला सरस ठरवले, प्यादे घेणेही त्याला मान्य होते आणि माझ्या ई६वर त्याचा आकडा एकदम पांढऱ्याकडे कलला. मुलगी सांगत होती की २०२५च्या नोव्हेंबरात गोव्यातल्याच हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हा ती वडिलांसोबत एक दिवस पाहायला गेली होती आणि २०६ खेळाडूंपैकी पुढे जिंकलेला सिंदारोव्ह नेमका कुठल्या टेबलावर बसला होता, हे शोधण्यातच तिचा सगळा वेळ गेला. पाऊस ओसरला होता. मी पट गुंडाळू लागलो, तेव्हा जी४वरची बी उचलून माझ्या हातात देत तिने विचारले, ‘‘सर, पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या चालीला काय खेळणार?’’

मी सांगितले नाही.