बारा मिलिमीटरचा बुश

भोसरी एमआयडीसीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याने जुन्या गाड्यांच्या गिअर लिंकेजचा बुश, म्हणजे गिअर बदलणाऱ्या जोडणीतील दांड्यावर (शाफ्टवर) बसणारी नळीसारखी कडी, मागितला, तेव्हा बाहेरून १८ मिलिमीटर आणि आतून १२ मिलिमीटर एवढ्याशा जॉबसाठी फारसा विचार करावा लागेल, असे मला वाटले नव्हते. गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) मी लगेच बाद केले. ते महाग पडते आणि ग्रीस संपले की वाजू लागते. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलए या प्लास्टिकचा नग केवळ माप जुळवण्यापुरता होता, कारण साधारण ६० अंशांना मऊ पडणारा तो पदार्थ उन्हात उभ्या असलेल्या गाडीत टिकला नसता. शेवटी कास्ट नायलॉनच्या रॉडमधून एप्रिल महिन्यात लेथवर २०० नग काढले आणि शाफ्टला ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवली.

जुलैत चिपळूणहून तक्रार आली की गिअर जड पडतो. परत आलेल्या बुशचा बोअर, म्हणजे आतले छिद्र, ब्रॅकेटमध्ये बसलेल्या अवस्थेत मोजला, तर तो ११.९६ भरला. आमचे जुने टर्नर एवढेच म्हणाले, "साहेब, नायलॉन पाणी पितं." हवेतील ओलाव्यानेच नायलॉन आपल्या वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी शोषते आणि फुगते, मोकळा बुश सगळीकडून सारखाच वाढला असता, परंतु बाहेरून पोलादी ब्रॅकेटने जखडलेला असल्यामुळे त्याला आतल्या बाजूलाच सरकावे लागले आणि त्याने शाफ्ट आवळला. हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण कोरड्या एप्रिलमध्ये ते आठवले नाही.

दुसऱ्या लॉटसाठी ॲसिटल हे प्लास्टिक घेतले, ज्याला बाजारात डेलरिन म्हणूनच मागतात. ते फारच कमी पाणी शोषते आणि लेथवरही सरळ वागते. नायलॉनची चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, दोरीसारखी टूलला गुंडाळते, तसा त्रास याने दिला नाही. या रॉडच्या मध्यभागी कधीकधी बारीक पोकळी असते, मात्र आमच्या जॉबमध्ये तो भाग ड्रिलखालीच जात होता. दोन नग आठवडाभर पाण्याच्या बादलीत ठेवून पाहिले. बोअरमध्ये फरक जाणवला नाही.

मग ५,००० नगांची मागणी आली. लेथवर नगाला २२ रुपये लागत होते, मोल्डिंगला, म्हणजे साच्यातून काढायला, ४. मोल्ड ६५,००० रुपयांचा होता, म्हणजे साधारण ३,६०० नगांनंतर तो फिटणार होता. ॲसिटल थंड होताना सुमारे दोन टक्के आकसते, म्हणून मोल्डमधली बोअर घडवणारी कोअर पिन मुद्दाम जाड ठेवली, कारण पिन घासून बारीक करता येते, जाड करता येत नाही. पहिल्या ट्रायलला मी गरम नग मोजून पिन लगेच घासायला दिली, ही माझी घाई होती. दुसऱ्या दिवशी तेच नग आणखी आकसलेले निघाले आणि नवी पिन करावी लागली. त्यानंतरचे सॅम्पल २४ तास टेबलावर ठेवून मगच मोजले; बोअर १२.०६ आला आणि व्यापाऱ्याने तो पास केला.